एका फियाटच्या विद्युतीकरणाची कैफियत

वऱ्हाडच्या जुन्या महसुली दफ्तरांतून या प्रांताचे पाईनघाट आणि बालाघाट असे जे दोन भाग पाडलेले आढळतात, त्यांची सीमा बुलढाणा जिल्ह्यात केवळ नकाशावर राहिलेली नाही. वर राहून खाली नोकरीस जाणाऱ्या माणसाच्या गाडीला ती रोज दोनदा ओलांडावी लागते. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही गावे खाली, पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटीवर; चिखली, मेहकर वर, पठारावर; आणि बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेला, जणू दोहोंवर नजर ठेवून. मुंबई-हावडा लोहमार्ग खालच्या खोऱ्यातून निघून जातो, जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला तो शिवत नाही. सबब ज्याला वेळेवर पोचावयाचे त्याला एस.टी.चा भरवसा, नाही तर स्वतःचे वाहन. माझे बिऱ्हाड बुलढाण्यास आणि शाळा मोताळा तालुक्यात. मध्ये राजूरचा घाट. हा भूगोल आरंभीच सांगण्याचे कारण असे की, जुन्या गाडीत विजेची मोटर बसविण्याच्या उद्योगात मला जे काही ज्ञान झाले, त्यातील निम्मे या घाटाने दिले आणि निम्मे परिवहन खात्याच्या नियमांनी.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या ‘११०० डी’ या नमुन्याची जी गाडी बाहेर पडे, तिलाच पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी हे नाव मिळाले. पण आमच्याकडे तिला फियाटच म्हणत आले आणि मीही तिला फियाटच म्हणतो. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसविलेला गिअर, चारी चाकांना ड्रमचे ब्रेक, मागे पोलादी पाटे. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली तेव्हा वृत्तपत्रांनी तिला निरोपाचे लेख वाहिले. आमच्या वडिलांनी नव्वदीच्या आरंभी घेतलेली फियाट मात्र त्या वेळी आमच्या वाड्यात शाबूत उभी होती. कपाशीचे पैसे हाती आले की खामगावच्या बाजारास, कोणी आजारी पडले की अकोल्यास, लग्नसराईत सगळ्या भावकीच्या दिमतीस, असे तिचे आयुष्य गेलेले. ती भंगारात द्यावयाची नाही, हे घरात कोणी बोलून दाखविण्याची आवश्यकताही नव्हती.

पेट्रोलचा दर लिटरला शंभर रुपयांच्या वर गेला आणि घाट चढताना लिटरमागे दहा किलोमीटरही न देणारे हे इंजिन रोजच्या जाण्यायेण्यास परवडेना, तेव्हा तिच्यात विजेची मोटर बसवावी हा विचार प्रबळ झाला. जगात हे होतच होते. २०१८ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या राजपुत्र हॅरीच्या विवाहात नवदांपत्य ज्या जुन्या जग्वार ई-टाइपमधून निघाले, तिच्यात त्याच कंपनीने विजेची मोटर बसविली होती. आपल्याकडेही हैदराबादच्या ई-ट्रायोने मारुतीच्या अल्टो आणि डिझायर या गाड्यांसाठी, पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टने डिझायरसाठी, तर ठाण्याच्या गोगोए१ ने हिरो स्प्लेंडर मोटारसायकलीसाठी असे संच सिद्ध केल्याच्या वार्ता मी जपून ठेवल्या होत्या. या नावांतील एक गोष्ट वाचकांनी येथेच ध्यानात घ्यावी: अल्टो, डिझायर, स्प्लेंडर ही सर्व लाखांच्या संख्येने रस्त्यावर असलेली वाहने आहेत. एखाद्या संचाची शासनमान्य परीक्षा करून घेण्याचा खर्च मोठा असतो आणि तो ज्या वाहनाच्या हजारो गिऱ्हाइकांवर वाटता येईल, त्याच वाहनासाठी कोणी कारखानदार तो सोसतो. ज्या गाड्यांवर आपले प्रेम जडलेले असते त्या बहुधा या हिशेबात बसत नाहीत.

एका मोठ्या शहरातील कार्यशाळेने काम पत्करले. त्यांच्या कारागिरीविषयी माझी तक्रार नाही. चेनकप्पीने इंजिन वर उचलून बाहेर काढले, क्लचच्या घराला अॅल्युमिनियमची जाड, काटेकोर कातलेली तबकडी जोडून तिच्यावर विजेची मोटर बसविली, मूळचा गिअरबॉक्स जागच्या जागी ठेवला. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्यांची एक पेटी बॉनेटखाली आणि दुसरी, तिच्याहून मोठी, डिकीत. दिवे आणि भोंगा यांना बारा व्होल्टच लागतात, म्हणून मुख्य बॅटरीतून तेवढी वीज उतरवून देणारे एक स्वतंत्र यंत्र. नारिंगी वेष्टनाच्या जाड केबली गाडीच्या पोटाखालून मागे नेलेल्या, आणि चार्जिंगची खाच पेट्रोलच्या टाकीचे झाकण असते तेथेच, त्याच झाकणाआड. एकाही पत्र्याला त्यांनी करवत लावली नाही. हे मी आग्रहाने मागून घेतले होते आणि पुढे त्याचाच आधार झाला.

प्रथम गाडी चिखलीच्या वाटेवर नेली. पठारावरचा तो रस्ता बव्हंशी सपाट आहे. दुसऱ्या गिअरमध्ये घातलेली गाडी तो बदलण्याची गरज न पडता, कसलीही घरघर न करता जी निघाली, ती शेतांतल्या पाखरांचा आवाज आत ऐकू यावा इतक्या शांतपणे. वडिलांच्या गाडीचे ते रूप पाहून मला जो आनंद झाला तो पुढे घडलेल्या कोणत्याही गोष्टीने खोटा ठरत नाही. संध्याकाळी परतताना दिवे लावले तेव्हा मात्र एक खूण दिसली. प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी कडुनिंबाच्या शेंड्यांवर पडत होता. पुढचे जड इंजिन गेले होते आणि मागे डिकीत बॅटऱ्यांचे ओझे आले होते, त्यामुळे पाटे दबून गाडीने नाक वर केले होते. दिव्यांचा कोन पेचकसाने खाली आणता येतो. परंतु ज्या गाडीचे पुढचे चाक हलके झाले तिचे सुकाणू आणि ब्रेक पूर्वीसारखे राहत नाहीत, ही गोष्ट पेचकसाने दुरुस्त होणारी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळेचा तंत्रज्ञ, बुलढाण्यातील आमचे जुने मिस्त्री आणि मी असे तिघे राजूर घाट उतरण्यास निघालो. रात्रभर चार्जिंग लावलेले होते. बॅटरी काठोकाठ भरलेली. विजेच्या गाडीत प्रवेगकावरून पाय काढला की मोटर जनित्र बनते, चाकांकडून शक्ती घेऊन ती बॅटरीत भरते आणि त्या ओढीने गाडी आपोआप मंदावते. पेट्रोलच्या गाडीत खालच्या गिअरने जे काम होते तेच हे काम. तंत्रज्ञाने त्या ओढीवर भिस्त ठेवली होती. पण आधीच भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालणे धोक्याचे असते, म्हणून तिच्यावर देखरेख करणारी यंत्रणा तसा प्रवाह स्वीकारीत नाही, तो तोडते. घाटाच्या वरच्याच वळणांवर तिने तो तोडला. धरून ठेवणारा हात अकस्मात सुटावा तशी गाडी पुढे झेपावली, आणि मग पुढची सर्व वळणे एकट्या ड्रमच्या ब्रेकांवर. जळक्या अस्तराचा वास प्रथम आला. मागोमाग ब्रेकचे पेडल दर वळणास अधिकाधिक खाली जाऊ लागले. सुदैवाने रस्ता जरा रुंद होता तेथे गाडी कडेला घेता आली. चाकांतून धूर निघत होता. तंत्रज्ञ पाण्याची बाटली घेऊन धावला, तोच मिस्त्री ओरडले, “पानी नका टाकू सर, ड्रम तडकतीन! थंड होऊ द्या तसेच.” अर्धापाऊण तास आम्ही तिघे रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि वर माकडे बसली होती.

या प्रसंगाचा हिशेब कोणासही मांडता येतो आणि गाडीवर पैसा लावण्यापूर्वी तो मांडावा. माणसांसह गाडीचे वजन बाराशे किलो आणि घाटाची उंची तीनशे मीटर धरली, तर ते वजन तेवढे वर चढविण्यास जवळजवळ एक युनिट वीज लागते. चढताना एवढे फार नाही. मला एका बाजूच्या प्रवासास, घाट धरून, चार युनिटांच्या आसपास खर्च पडला असता आणि घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तो भरून निघण्यास दीडेक तास पुरला असता. परंतु उतरताना तीच एक युनिट ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते. एक किलोवॉटची विजेची शेगडी तासभर पेटती ठेवली असता जी उष्णता निघते, तिचा मोठा भाग काही मिनिटांत चार छोट्या ड्रमांत कोंडावयाचा, असा हा प्रकार आहे. बुलढाणा, किंवा घाटमाथ्यावरचे कोणतेही गाव, येथे राहणाऱ्याने म्हणूनच बॅटरी रात्री पूर्ण भरू नये. उतरत्या प्रवासाची वीज सामावेल एवढी जागा, म्हणजे पंधरा-वीस टक्के, रिकामी ठेवावी, चार्जरला तशी मर्यादा घालून घ्यावी, आणि तरीही ती ओढ केव्हाही सुटू शकते असे समजून ब्रेकांची तजवीज करावी. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसविता येतात. पण तोही गाडीच्या मूळ रचनेतील फेरफारच होतो आणि मग प्रश्न पुन्हा कागदांपाशी येऊन उभा राहतो.

आता त्या कागदांविषयी. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. काम घेताना कार्यशाळेचे म्हणणे असे होते की, संचाला मान्यतेचा दाखला आहे, नोंदणीचे यथावकाश होऊन जाईल. दाखला होता हे खरे. परंतु नोंदणी पुस्तकात इंधनाचा प्रकार बदलून मिळावा म्हणून मी परिवहन कार्यालयात अर्ज घेऊन गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी तो दाखला शांतपणे वाचला आणि त्यातील एका ओळीवर बोट ठेवले: तो दुसऱ्याच कंपनीच्या, दुसऱ्याच नमुन्याच्या गाडीसाठी दिलेला होता. त्यांनी अर्ज स्वीकारला नाही, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी योग्य होते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी दाखल्यातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही फेरफार मालकास करता येत नाही; २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याच आशयाचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा गैरवाजवी फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली गेली. विजेच्या संचाला या मनाईतून जी वाट काढून दिलेली आहे ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत जून २०१६ मध्ये घातलेल्या तरतुदींतून जाते. संच ए.आय.एस. १२३ या मानकाप्रमाणे पुण्याची ए.आर.ए.आय., अहिल्यानगरची व्ही.आर.डी.ई., मानेसरची आयकॅट अशा मान्यताप्राप्त परीक्षण संस्थेने तपासलेला असावा. आणि ही तपासणी संचाची सुटी होत नाही, तो ज्या नमुन्याच्या वाहनात बसवावयाचा त्या वाहनाच्या संदर्भाने होते. बसविणाराही संचाच्या उत्पादकाने अधिकृत केलेला असावा लागतो. वाहनाच्या उत्पादनकाळाविषयीची अटही त्या तरतुदींत आहे, तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीच्या मालकाने ती स्वतः वाचूनच पुढे पाऊल टाकावे. हे सारे जुळले म्हणजे मग नोंदणीत बदल होतो आणि खासगी विजेच्या गाडीस हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा क्रमांक मिळतो. ती हिरवी पाटी लागेपर्यंत गाडी रोजच्या वाहतुकीस लायक झाली असे कोणीही समजू नये, कितीही सुरेख चालत असली तरी.

विम्याची गोष्ट याच्या पोटातलीच आहे, परंतु तिच्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते म्हणून वेगळी सांगतो. तिऱ्हाइतास होणाऱ्या इजेचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. नोंदणी पेट्रोलची आणि बॉनेटखाली विजेची मोटर अशा अवस्थेत अपघात झाला, तर विमा कंपनी नुकसानभरपाईचा भार मालकावर ढकलण्याचा प्रयत्न केल्यावाचून राहणार नाही. एखाद्या जखमी माणसाच्या कुटुंबाचा हक्क आपल्या हौसेपायी कज्ज्यात अडकावा, हा विचार मला राजूरच्या घाटातील त्या धुराहूनही अधिक अस्वस्थ करून गेला.

काही मंडळी विचारतात, गाडी पन्नास वर्षांची झाली तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून ही कटकट टाळता येणार नाही काय? जुलै २०२१ च्या नियमांनी तशी नोंदणी सुरू झाली आहे, तिचा क्रमांकही ‘व्ही.ए.’ या अक्षरांनी ओळखू येतो. परंतु ती मूळ स्वरूपात राखलेल्या, चासी, सांगाडा अथवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांसाठीच आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, किंवा इंधन भरण्यास व दुरुस्तीस नेणे एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. विजेची मोटर आणि रोजची नोकरी या दोन्ही गोष्टी त्या चौकटीबाहेरच्या आहेत. ज्यांच्याकडे तशी खरोखरीची जुनी, अस्सल गाडी आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, तिला हात लावू नये.

ज्यांची गाडी अलीकडची आहे आणि तिच्या नमुन्यासाठी मान्य संच उपलब्ध आहे, त्यांनी मात्र जरूर विचार करावा. पण कामाचा क्रम उलटा ठेवावा. आपण प्रथम मोटर पाहतो, मग बॅटरी, मग किंमत, आणि सर्वांत शेवटी कागद. प्रथम संचाच्या मान्यतेचा दाखला मागावा, त्यावरील वाहनाचे नाव व नमुना आपल्या नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावा, त्याची प्रत जोडून परिवहन कार्यालयास लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. विमा कंपनीस तसेच लेखी विचारावे. ही दोन उत्तरे हाती आल्यावाचून इसारही देऊ नये. कार्यशाळेशी होणाऱ्या करारनाम्यात नोंदणीत बदल होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवण्याचे कलम असावे. मजकडे ते होते, म्हणून निदान ती रक्कम वाचली.

त्यानंतर वजन. काम पुरे झाल्यावर गाडी वजनकाट्यावर न्यावी, आणि एकूण वजनावर समाधान न मानता पुढची चाके आणि मागची चाके स्वतंत्रपणे तोलून घ्यावी. आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांत आणि बाजार समित्यांत काटे आहेत, तेव्हा त्याची अडचण नसते. मग उष्णता. बुलढाणा शहराची हवा सौम्य असली तरी खाली पाईनघाटात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि उन्हात उभ्या गाडीची बंद डिकी त्याहून किती तरी तापते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीला इतर लिथियम बॅटऱ्यांहून आगीचे भय कमी हे खरे, तथापि अशा तापात तिचे आयुष्य झपाट्याने घटते. दिवसभर सावलीची जागा मिळणार नसेल तर हा खर्च फिटत नाही. घरी महावितरणकडील मंजूर भार पुरेसा आहे की नाही, अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे की नुसती तार भिंतीशी सोडली आहे, हे जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे. आणि दुरुस्तीचे काय? कार्बोरेटर डोळे मिटून जोडणारे मिस्त्री आपल्या तालुक्यांत आहेत; पण साठ व्होल्टांवरील एकदिश प्रवाह जीवघेणा असतो, त्याला त्यांनी हात लावावा अशी अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्याय होईल.

आमची फियाट पुन्हा पेट्रोलवर आली. मूळचे इंजिन विकून टाका असा सल्ला मिळाला असताही मी ते तेल घालून, ताडपत्रीत गुंडाळून घरच्या कोठीत ठेवले होते, आणि पत्र्याला कोठेही छेद नसल्यामुळे आमच्या मिस्त्रींनी ते जागच्या जागी बसविले. ज्यांना जुन्या गाडीत काही करावयाचे असेल त्यांनी काढलेला एक खिळाही टाकून देऊ नये. शाळेस जाण्यासाठी मी कारखान्यातच विजेवर तयार झालेली लहान गाडी घेतली. अशा गाड्यांपैकी टाटांची टिआगो २०२२ साली बाजारात आली तेव्हा तिची आरंभीची किंमत साडेआठ लाखांच्या घरात होती, आणि फियाटच्या विद्युतीकरणाचा सर्व खर्च, मान्यता धरून, ज्या आकड्याकडे चालला होता तो याहून फार दूर नव्हता. राजूरचा घाट ही नवी गाडी रोज उतरते, बॅटरी काठोकाठ भरलेली नसते.

उतरविलेल्या बॅटऱ्यांविषयी शेवटचे. त्या भंगारवाल्याने मागितल्या होत्या. २०२२ च्या बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे निकामी बॅटऱ्यांची विल्हेवाट अधिकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच व्हावी लागते, आणि चांगली असली तरी उघड्या आवारात फेकलेली भरली बॅटरी पोराबाळांच्या जिवावर उठू शकते. सबब त्या मी कार्यशाळेसच परत दिल्या; निम्म्याहून कमी किंमत आली, ती घेतली, आणि दिल्याची पावती फियाटच्या नोंदणी पुस्तकात ठेवून दिली.